मेणकिड्याच्या बदल्यात

धार, ९ जुलै २०२५

शरदमामा,

तर त्या अळीचं मी काय सांगत होते, ते अर्धंच राहिलं. रविवारी तुमच्या फाटकाशी उभी राहून मी "मामा, आता आम्ही दुसरी अळी वापरणार" इथपर्यंत पोचले आणि तुम्ही चपला काढून आत गेलात. नलिनीमामी बिचारी मध्ये उभी. तिनं दिलेले पोहे मी फाटकाबाहेरच संपवले आणि देवासहून धारची बस पकडली. दीड वर्षात तुम्ही माझ्याशी एवढंच बोललात, "बस किती वाजता आहे?" म्हणून उरलेलं वाक्य लिहून पाठवते. फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सॲप बघत नाही. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

दुसरी अळी म्हणजे तांदळाच्या पतंगाची. मामीच्या जुन्या तांदळात जाळी धरते ना, तीच. लॅबवाले तिला कोरसायरा म्हणतात.

आमच्या लॅबमध्ये काय चालतं ते तुम्ही कधी विचारलंच नाही. विनीता मॅडम आणि मी, दोघीच आहोत. आम्ही निमॅटोड वाढवतो, म्हणजे सूत्रकृमी. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. सोयाबीनच्या मुळाशी जी सफेद लट असते, आपली हुमणी, तिच्या अंगात ते शिरतात आणि दोन दिवसांत तिला मारतात. पिकाला काही होत नाही, गांडुळाला नाही, माणसाला नाही. पण हे बाटलीत आपोआप वाढत नाहीत, त्यांना आधी एक जिवंत अळी द्यावी लागते. ती मरते, विटेसारखी लाल होते. मग तिला ओल्या कागदावर, पाण्याच्या डिशमध्ये मांडायची. दहाव्या दिवशी तिच्या अंगातून ते बाहेर पडतात आणि पाण्यात उतरतात. भिंगाखाली ते पाणी उकळल्यासारखं हलत असतं. मामा, खरंच सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डबा खायचा विसरले होते.

आणि ह्या कामाला जिकडेतिकडे जी अळी वापरतात, ती मेणकिड्याची, मधमाश्यांचं पोळं खाणारी. गुबगुबीत असते, एका अळीतून दोन-दोन लाख निमॅटोड निघतात. मी ही नोकरी धरली तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. "ज्यानं माझ्या चौसष्ट पेट्यांचं वाटोळं केलं त्याला तू पोसणार? पोस. पण त्या हातानं माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस."

मेणकिडा तुमच्या मधमाश्यांत कसा शिरला ते तुम्ही तेव्हाच ठरवलंत. अकरा वर्षं पेट्या सांभाळणाऱ्या गणोजीकाकांना काढलंत, उरलेल्या पेट्या विकल्यात आणि गंधवानीच्या बाजूचं सगळं सोडून देवासला परत आलात. त्याबद्दल मला आत्ता काही म्हणायचं नाही. एवढंच सांगायचं होतं की दिवाळीपर्यंत आमच्या लॅबमध्ये एकही मेणकिडा राहणार नाही. मॅडमना मी तसं लिहून दिलंय. त्या म्हणाल्या, "तांदळाची अळी हाडकुळी असते, वैभवी. चौथा हिस्सापण नाही मिळणार." मी म्हटलं, चौपट अळ्या वाढवीन.

पाणी प्यायला येईन मग.

तुमची
वैभवी

धार, २७ जुलै

मामा,

मामीचा फोन आला. म्हणाली, तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि फ्रिजच्या कव्हरखाली सारलंत. आणि रात्री जेवताना विचारलंत, "झाकण कसलं लावते ती?" बस, एवढंच. पण मला इतकं बरं वाटलं की मी घरमालकीण सरलाकाकूंना जाऊन सांगितलं, त्यांना काही कळलं नाही तरी.

तर झाकण. प्लास्टिकचे टब आहेत, चोवीस. भरडलेली ज्वारी, थोडं शेंगदाण्याचं कूट, थोडं यीस्ट. त्यावर पतंगाची अंडी भुरभुरायची. वर मलमल, दुहेरी, आणि त्यावर कडेनं रबर, तेही दोन. मग जाळीचं झाकण. सगळे टब ज्या खोलीत आहेत तिला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेर पडताना मी अंगावरचा कोट तिथेच काढते आणि झटकते. पतंग मोजते. मॅडम म्हणतात, "अगं, बँकेची तिजोरी आहे का ही? तांदळाचा पतंग आहे, दर किराणा दुकानात मिळतो." मी म्हटलं, शेजारी पिठाची गिरणी आहे. म्हणाल्या, "गिरणीत तो तुझ्याआधीपासून आहे. तू एवढी का घाबरतेस?" मी विषय बदलला.

काम मात्र सोपं नाहीये. पहिल्या आठ टबांची ज्वारी तापली, हात घातला तर गरम भाकरीसारखी, अर्ध्या अळ्या मेल्या. मग थर पातळ केला. ह्या अळ्या धागा काढतात, दाण्याला दाणा चिकटवून आत लपून बसतात, एकेक चिमट्यानं सोडवावी लागते. मेणकिडा कसा, हात लावला की आपणहून हातात येतो. आणि पतंगांच्या पंखांची जी भुकटी उडते ना! मॅडम सकाळपासून शिंकतात. "तुझ्या मामांना सांग, माझ्या नाकाचं बलिदान चाललंय." त्यांना वाटतं हे सगळं मी तुमच्या शब्दाखातर करतेय. मी पण तसंच सांगते.

परवा पहिल्या चाळीस अळ्यांत निमॅटोड सोडले. आज सकाळी सदतीस लाल! बारीक आहेत, पण रंग तोच. दहा दिवसांनी पाण्यात किती उतरतात ते मोजून तुम्हाला कळवते.

टेप आम्ही कशालाच लावत नाही. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

तुमची
वैभवी

धार, १६ ऑगस्ट

मामा,

एका अळीला चाळीस हजार! मेणकिड्याच्या मानानं कमीच, पण शून्य नाही ना. परवा तेच पाणी घेऊन आम्ही गंधवानीकडे गेलो. तिथल्या बायकांचा एक समूह आहे, पंचवीस-तीस जणी. त्यांच्या शेतावर दाखवायचं होतं. पुढारी आहे थावरीबाई, साठीची असेल, हातात चांदीची जाड कडी. मी जारमधलं पाणी दाखवलं. तिनं उन्हात धरून बघितलं आणि म्हणाली, "बाई, इसमें तो कुछ नहीं है." मी म्हटलं, आठ लाख आहेत. ती मागे वळून बायकांना म्हणाली, "सुनो रे, आठ लाख लाई है, और दिखते एक भी नहीं. सरकारी होगी." इतक्या हसल्या सगळ्या! पण मग भिंगातून बघितलं आणि एकमेकींना ढकलत परत रांगेत उभ्या राहिल्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोयाबीनच्या मुळाशी घातलं सगळं. त्यांनीच घातलं.

आणि तिथे गणोजीकाका भेटले.

बियाण्याच्या दुकानात पोती उचलतात ते आता. खांदा एका बाजूला झुकलाय. मला बघून तसेच उभे राहिले, डोक्यावर पोतं. मग खाली ठेवलं आणि म्हणाले, "बेबी, मोठी झालीस. मॅडम झालीस की काय?" मी म्हटलं, नाही काका, अळ्या मोजणारी झाले. तर म्हणाले, "मग पगार अळीला देतात का तुला?" तसेच आहेत, चेहरा न हलवता बोलतात. तुमची चौकशी केली. "साहेबांचा गुडघा कसा आहे? चढण चढतात का?" मी म्हटलं, रोज टेकडीवर जातात. ते बरं वाटलं त्यांना, दिसलं तसं.

दाखवायला म्हणून आम्ही अळ्यांचा एक टब नेला होता. त्यांनी वाकून आत बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि मला एक गोष्ट विचारली. ती राहू दे आत्ता.

महत्त्वाचं हे की त्या समूहाला मधमाश्यांच्या चाळीस पेट्या मिळतायत, सप्टेंबरच्या शेवटी. सांभाळायला माणूस हवाय. इकडे पेट्यांतलं कळणारा गणोजीकाकांसारखा दुसरा कोण आहे? पण थावरीबाईंच्या कानावर आलंय की देवासच्या साहेबांनी त्यांना निष्काळजीपणासाठी काढलं होतं. ती तुम्हाला फोन करून विचारणार आहे.

मामा, तुम्ही हो म्हणा ना. म्हातारा माणूस पोती उचलतोय. बाकी विशेष काही नाही.

तुमची
वैभवी

धार, ३० ऑगस्ट

मामा,

मामीनं काल सांगितलं. थावरीबाईंचा फोन आला होता आणि तुम्ही म्हणालात, "माणूस चांगला आहे, पण पेट्या देऊ नका." मामी म्हणाली, खोटं कशाला बोलतील, त्यांच्या मनात आहे ते बोलले.

त्यांच्या मनात ते मी घातलंय.

सरळ लिहिते, नाहीतर परत फिरून ज्वारीवर येईन. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुमच्याकडे राहायला आले होते, पेट्यांच्या मागच्या शेडमध्ये मला टेबल दिलं होतंत. तुम्हाला मी सांगितलं होतं की निमॅटोडवर काम करतेय. ते खरं होतं. पण निमॅटोडसाठी मी काचेच्या बरण्यांत मेणकिडा वाढवत होते, ते नव्हतं सांगितलं. मधमाश्यांच्या घरात मेणकिडा! मला वाटलं, बरण्या बंद आहेत, काय होतंय. तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही.

कणीक, कोंडा आणि मध घालून केलेल्या खाण्यावर अळ्या वाढेनात. तारीख जवळ आली होती. मेणकिड्याला सगळ्यात जास्त आवडतं ते जुनं काळं पोळं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि तशा जुन्या पोळ्यांच्या काळ्या फ्रेम शेडमध्ये होत्या. गणोजीकाकांनी रिकाम्या पेट्या एकावर एक रचून, आत दोनशे फ्रेम ठेवून, गंधकाची धुरी देऊन बंद केल्या होत्या. फटींना चिंधी आणि वरून शेणमाती, नेहमीसारखी. तुम्ही चार दिवस देवासला होतात. काका बहिणीकडे डही गावाला गेले होते. मी शेणमाती खरवडली आणि सहा फ्रेम काढल्या.

चार कापून अळ्यांना घातल्या. दोन उरल्या. त्या तीन दिवस माझ्या टेबलावर होत्या, बरण्यांच्या शेजारी. एका बरणीचं झाकण सैल होतं, दोन-चार पतंग खोलीत फिरत होते, ते मी बघितलं होतं. उरलेल्या फ्रेम उजेडात धरून पाहिल्या, काही दिसलं नाही. अंडी दिसतच नाहीत, मामा, फटीत असतात, आज मला माहीत आहे. मी त्या दोन्ही परत रचलेल्या पेट्यांत ठेवल्या. धुरी परत द्यायला पाहिजे होती. पण गंधकाचा वास आला असता, कुणी विचारलं असतं. शेणमाती मला जमली नसती. मधाच्या खोक्यांना लावायची ती भुरी टेप पडलेली होती, ती फटींवर चिकटवली.

सप्टेंबरमध्ये तुम्ही त्यातल्या फ्रेम वीस कमजोर पेट्यांना दिल्यात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. जाळी, भोकं, पेटी उघडली की मधमाशी नाही, नुसत्या अळ्या. रचलेल्या सगळ्या फ्रेम एकमेकींना चिकटलेल्या. चौसष्टातल्या सतरा राहिल्या.

त्या दिवशी अंगणात तुम्ही ती टेप हातात धरून गणोजीकाकांना विचारलंत, "ही काय पद्धत आहे? धुरी दिलीस की नुसती टेप मारून मोकळा झालास?" ते म्हणाले, "साहेब, मी टेप लावत नाही. कुणीतरी उघडलंय." तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू उघडलं होतंस का गं?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही परत विचारलं नाही. काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "मग कुणीच उघडलं नसेल." आणि तुम्ही म्हणालात, वर खोटंही बोलतोस. ते किल्ली ओट्यावर ठेवून गेले. अकरा वर्षांनी.

गंधवानीला टबाच्या कडेवरून बोट फिरवून त्यांनी काय विचारलं, ते आता सांगते. "ह्यांना टेप नाही लावत का, बेबी?"

मला वाटायचं, लॅबमधला मेणकिडा बंद केला, तांदळाची अळी चालवून दाखवली, की तुम्ही माझ्याशी बोलाल आणि मग हे सांगायची वेळच येणार नाही. म्हणून चोवीस टब, म्हणून दुहेरी मलमल. परवा मी शेवटच्या मेणकिड्यांची बरणी फ्रीजरमध्ये ठेवली, काम पूर्ण झालं. दिवाळीच्या आधीच. आणि मामीचा फोन आला की तुम्ही काय सांगितलंत. मी बरणी काढून बघत बसले.

विनीता मॅडमना सांगितलं काल. त्या उठून टबांच्या खोलीत डोकावून आल्या. मग म्हणाल्या, "झाकणांचं आत्ता कळलं." आणि म्हणाल्या, प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये खाणं काय घातलं ते खोटं लिहिलंयस का? मी म्हटलं हो. म्हणाल्या, तिथेही लिही.

तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. पण थावरीबाईंना फोन करा. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय.

वैभवी

धार, १३ सप्टेंबर

मामा,

चौदा दिवस झाले. मामी म्हणाली, तुम्ही पत्र वाचलंत, चष्मा काढून पुसलात, परत वाचलंत. मग टेकडीवर गेलात आणि उशिरा परतलात. तेव्हापासून घरात कुणाशी नीट बोलत नाही. मामी मला रागावली नाही. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं गं, पण मी कशाला विचारू." म्हणजे तिलापण संशय होता. मग मम्मीला सांगितलं. मम्मी खूप रडली आणि शेवटी म्हणाली, मामांना सांगितलंस ना, बास झालं, आता बाहेर वाच्यता करू नकोस, घरातलं घरात राहू दे.

पण गणोजीकाकांचं नाव घरात नाही गेलं, मामा. गंधवानीच्या बाजारात गेलं. तुमच्या फोनची वाट बघितली आणि काल मी जाऊन आले.

समूहाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात असते. आधी शेताचं झालं. ज्या वाफ्यांत आम्ही पाणी घातलं होतं तिथे थावरीबाईंनी स्वतः खुरप्यानं उकरलं होतं, तेरा लटी मेलेल्या सापडल्या, लाल. त्या तिनं पानावर मांडून आणल्या होत्या, प्रसादासारख्या. "दिखते नहीं, पर खाते हैं," म्हणाली. सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या, आणि मला तेव्हाच बोलायचं होतं.

मी उभी राहिले. हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. फ्रेम मी काढल्या, टेप मी लावली, विचारल्यावर नाही म्हटलं. गणोजीकाकांनी धुरी दिली होती. गणोजीकाका खांबाला टेकून बसले होते, त्यांना मी आधीच येऊन सांगितलं होतं की आज बोलणार आहे. त्यावर त्यांनी फक्त "बोल" म्हटलं होतं.

एक तरुण बाई म्हणाली, "मतलब जो मैडम हमको कीड़े की दवा सिखा रही, कीड़ा उसी ने छोड़ा था?" मी म्हटलं, हो. कुणी हसलं नाही. थावरीबाईंनी मला विचारलं, "मांगी माफी?" मी म्हटलं, आत्ता मागतेय. ती म्हणाली, "हमसे क्या, उससे मांग." मी वळले. काकांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "राहू दे, बेबी. पाया पडून घ्यायला मी घरातला नाही." रागानं नाही म्हणाले. तेच मला जास्त लागलं.

बायकांनी आपसात ठरवलं. थावरीबाई म्हणाली, पेट्या गणोजीलाच द्यायच्या. आणि मामा, ते नाही म्हणाले. "साहेबांनी नाही सांगितलंय. साहेबांनीच हो सांगावं. पोरीच्या बोलण्यावर एकदा गेलो, पोरीच्या बोलण्यावर परत येणार नाही." थावरीबाई चिडली, "अकड़ देखो बुड्ढे की! बोरी उठाते उठाते कमर गई, अकड़ नहीं गई." ते म्हणाले, "तेवढीच तर राहिलीय." पेट्या सत्तावीस तारखेला येतायत. तोपर्यंत वाट बघतील, मग डहीचा एक माणूस आहे, त्याला देतील. त्याला येतं थोडंफार.

बैठक संपल्यावर काका मला जीपपर्यंत सोडायला आले. जीप भरायची होती, ड्रायव्हर आणखी दोन सवाऱ्यांसाठी ओरडत होता. मी म्हटलं, काका, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना मी उघडलं होतं? म्हणाले, "नखात शेणमाती होती तुझ्या." मी म्हटलं, मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? म्हणाले, "घेऊन काय झालं असतं? टेप माझी नाही, हे खरं सांगितलं तर ते खोटं ठरलं. तुझं नाव घेतलं असतं तर आणखी मोठं खोटं ठरलं असतं."

मग त्यांनी मला एक विचारलं. मी आत्तापर्यंत तुमच्याकडे माझीच चूक घेऊन येत होते, आणि ती माझीच आहे, त्यातलं काही कमी करायचं नाही मला. पण हे त्यांनी विचारलंय आणि मला वाटतं ते मला विचारलेलं नाही. शब्द त्यांचे जसे होते तसे लिहिते.

"अकरा वर्षांत साहेबांनी मला एकदाही खोटं बोलताना धरलं नव्हतं. तू तर महिन्याभराची पाहुणी. तरी माझं सगळं सांगणं एका बाजूला, आणि तुझं एक 'नाही' दुसऱ्या बाजूला, तेच खरं कसं काय वाटलं त्यांना?"

जीप सुटली.

तुम्हाला काय वाटतं, मामा?

वैभवी